वॉलेट की कार्ड? मिक्सरच्या भांड्याने शिकवलेलं

गेली तीन वर्षं घरातली सगळी ऑनलाइन खरेदी माझ्याच गळ्यात आहे. सुरुवातीला मी वॉलेटवर जाम खूश होते. ओटीपीची वाट बघणं नाही, सोळा आकडे टाइप करणं नाही. रिचार्ज, दीडशे रुपयांची चाळणी, असल्या किरकोळ गोष्टींना अजूनही तेच वापरते.

पण दिवाळीआधी मिक्सरचं भांडं मागवलं, २,३४० रुपयांचं. आलं ते झाकणाला तडा गेलेलं. परत पाठवलं, चार दिवसांत रिफंड आला, पण वॉलेटमध्येच! बँकेत वळवायला गेले तर केवायसी अर्धवट. अशा वॉलेटमधून फक्त खरेदी करता येते, पैसे खात्यात पाठवता येत नाहीत. (नियम रिझर्व्ह बँकेचाच आहे म्हणा, पण मी कुठे वाचला होता!) शेवटी त्या पैशांचे डबे घेतले. नको होते.

आता हजाराच्या वर काही असलं की कार्डच. पैसे जिथून गेले तिथेच रिफंड येतो, शिवाय चार्जबॅकही मागता येतो, म्हणजे बँकेकडे तक्रार करून पैसे परत. नंबर साइटवर राहील ही धास्तीही ऑक्टोबर २०२२ पासून कमी झालीय, कारण दुकानदाराला तो साठवताच येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबरच्या जागी एक बदली कोड असतो. वैताग एकच, ओटीपी. आमच्या स्वयंपाकघरात रेंज नाही, मग हातात पीठ तसंच घेऊन गॅलरीत पळायचं.

वॉलेटला साडेतीन तारे, कार्डाला चार.