उल्कावर्षावाचा ट्रेक: संध्याकाळचा की रात्रभराचा?

गाइडसोबत उल्का बघायला डोंगरावर जायचं म्हटलं की दोन बेत समोर येतात: संध्याकाळी चढून अकरा-साडेअकराला उतरणं, नाहीतर वरच मुक्काम करून पहाटेपर्यंत आकाश बघणं. दमसास किती आहे ते नंतर बघा. आधी वर्षाव कोणता आहे ते बघा.

12-13 ऑगस्टचा ययाती वर्षाव, म्हणजे पर्सिड्स, असेल तर मुक्कामच करा. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेले हे कण सेकंदाला 59 किमी वेगाने पृथ्वीला समोरून भिडतात. पृथ्वी ज्या दिशेने धावते तिच्या हिशेबाने संध्याकाळी आपण तिच्या पाठीमागच्या बाजूला असतो, मध्यरात्रीनंतर पुढच्या, म्हणून उल्का तेव्हा जास्त दिसतात. जाहिरातीतला ‘तासाला 100 उल्का’ हा आकडा उगमबिंदू (आकाशात उल्का जिथून येताना भासतात ती जागा) थेट डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळोखी असं धरून काढलेला असतो. उगमबिंदू क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर संख्या निम्म्यावर येते, आणि संध्याकाळी तो त्याहूनही खाली असतो. मात्र त्याच वेळी एखादी उल्का वातावरणाला घासत अर्धं आकाश ओलांडून जाते. अशा उल्का मोजक्याच, पण एक दिसली तरी चढाईचं सार्थक होतं.

13-14 डिसेंबरच्या मिथुन वर्षावाला, म्हणजे जेमिनिड्सना, संध्याकाळचा ट्रेक छान जमतो. उत्तर गोलार्धात नऊ-दहापर्यंत उगमबिंदू बराच वर आलेला असतो. वेग सेकंदाला 35 किमी, म्हणजे पर्सिड्सपेक्षा बराच कमी, त्यामुळे ‘ती बघ!’ म्हणेपर्यंत शेजाऱ्यालाही दिसते. इथे अडचण थंडीची. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात चढताना घामेजलेला शर्ट तसाच अंगावर ठेवून आडवं झालं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. कोरडा शर्ट आणि पाठीखाली फोमची मॅट हवीच. जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

चंद्र हे गणित उलटवू शकतो. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत तो उशिरा उगवतो, म्हणजे संध्याकाळ काळोखी मिळते. शुक्ल पक्षात तो मावळल्यावरची रात्र चांगली.

संध्याकाळच्या ट्रेकमध्ये वेळच कमी पडतो. दोन तास चढाई, मग डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: वर आडवं पडून बघायला किती वेळ मिळेल? दीड तासापेक्षा कमी असेल तर जाऊ नका. सगळ्यांकडे अंधाराला सरावलेले डोळे न बिघडवणारी लाल दिव्याची हेडटॉर्च असेल का, ढग आले तर ट्रेक रद्द करायचा निर्णय किती वाजता होतो, हेही विचारून घ्या.

उतरताना मात्र पांढराच दिवा लावा. दमलेले पाय आणि दवाने निसरडे झालेले दगड, घसरणं होतं ते इथेच. मुक्कामाच्या ट्रेकमध्ये ही उतरण उजेडात होते. गुडघे कुरकुरत असतील तर डिसेंबरातही मुक्कामच घ्या.