टीसीएल की आरओ? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या ग्रामसभेत एक विषय हमखास निघतो : गावात फिल्टर बसवा. फिल्टर म्हणजे आरओ प्लांट, नाणं टाकलं की जार भरून देणारा. दुसरीकडे टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी असते आणि ती पाण्यात टाकून 'पाण्याला वास मारतो' म्हणून सगळ्यांची बोलणी खाणारा जलसुरक्षक. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठी राखलेल्या, निधीतून आधी कशावर खर्च करायचा, यावर सदस्यांची जुंपते. मुळात ही दोन औषधं दोन वेगळ्या दुखण्यांवरची आहेत.

टीसीएल जंतू मारतं. जुलाब, कावीळ, कॉलरा यांच्यासाठी ते. क्षारांना ते हातही लावत नाही. आरओ क्षार, नायट्रेट, फ्लोराइड काढतो. म्हणून आधी पाण्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल मागवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, तिथे सवलत नाही. फ्लोराइडची शेवटची हद्द १.५. नांदेडातल्या किनवटकडच्या लोकांना हे सांगायला नको, तिथे फ्लोराइडने डागाळलेले दातच सांगतात. या दोन्हींना चव नसते आणि पाणी उकळून ती जात नाहीत, उलट आटल्यावर दाट होतात. अहवालात हे निघालं आणि दुसरा चांगला स्रोत नसेल, तर आरओच्या बाजूने हात वर करा.

पण नुसता टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ११००-१२०० असेल तर? पाणी मचूळ लागेल, डाळ लवकर शिजणार नाही. तरी दुसरा स्रोत नसताना २००० पर्यंत मानकाला ते चालतं. तेवढ्यासाठी मी तरी प्लांट घेणार नाही. बऱ्याच छोट्या प्लांटांत कच्च्या पाण्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त गटारीत जातं. एप्रिलमध्ये बोअर तासभर चालून गुळण्या टाकायला लागतो, तेव्हा हे परवडतं का? शिवाय ते टाकाऊ पाणी विहिरीजवळ सोडलं, तर काढलेले क्षार मुरून परत आपल्याच हंड्यात.

टीसीएल स्वस्त आहे, पण ते माणसाच्या हातावर चालतं. साधा हिशेब हजार लिटरला ५ ग्रॅमचा, म्हणजे ५० हजारांच्या टाकीला पाव किलो. हा हिशेब ३३ टक्के क्लोरिनच्या ताज्या पावडरीचा. आमच्या गावात गोणी गळक्या पत्र्याखाली तोंड उघडी पडलेली असायची. माणूस इमानदारीने रोज पाव किलो टाकायचा आणि ओटीच्या, म्हणजे क्लोरिन असेल तर पिवळं होणाऱ्या तपासणीच्या, नळीत पाणी पांढरंच. पावडर २० टक्क्यांवर उतरली की तेवढ्याच मापात क्लोरिन जेमतेम साठ टक्के पडतं, आणि त्याखाली गेलेली पावडर वापरूच नये. पाण्यात मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबायचं, मग व्हॉल्व्ह खोलायचा. चाचणी टाकीशेजारी नको, गावाच्या शेवटच्या नळावर घ्या. तिथे ०.२ मिलिग्रॅम तरी मिळालं पाहिजे.

मोटारीबरोबर आपोआप हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरिन, सोडणारा डोसर पंपही मिळतो. विसरभोळ्या हाताला तो बरा, पण आपल्या मे महिन्यात द्रावणाची ताकद भराभर उतरते. वर्षाचा साठा एकदम घेऊ नका.

आरओवाल्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्या पाण्यात क्लोरिन उरलेलं नसतं. न धुतलेल्या जारमध्ये ते भरलं, वर पोरांनी गडू बुचकळला, की जंतूंना अडवणारं काहीच नाही. आठ दिवसांनी सुटणारं नळाचं पाणी ड्रममध्ये साठवलं की त्यातलंही क्लोरिन उडतं, तिथे मात्र निदान मेडिक्लोरचे थेंब टाकायची सवय आहे.

आणि प्लांट आला म्हणून टीसीएल सुटत नाही. स्वच्छता सर्वेक्षणात गावाच्या सार्वजनिक स्रोतांची जोखीम बघून लाल, पिवळं की हिरवं कार्ड ठरतं. जार घेणारी घरंही तोंड धुतात, भांडी विसळतात ती नळाच्याच पाण्याने.

म्हणजे प्लांट असो वा नसो, टीसीएल दोन्ही गावांना लागणारच. प्लांट घ्यायचाच ठरला तर ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी विचारा : मेंब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) कोण बदलणार, वीजबिल कोणाच्या नावावर, आणि टाकाऊ पाणी कुठे जाणार. 'बघू नंतर' असं उत्तर आलं तर तो विषय पुढच्या सभेवर ढकला.