बंबात ओंडका की पऱ्हाटी?

नोव्हेंबरात नागपूरची थंडी नुसती चाहूल देते. पहाटे गार, दहाला ऊन चटकतं. या दिवसांत आंघोळीचं पाणी तापवायचा अंगणातला बंब कसा पेटवायचा, यावरून आमच्या महाल भागातल्या घरी रोज वाद.

आई बाभळीचा जाड ओंडका घालते, खालचं दार निम्मं लोटते आणि दुपारपर्यंत धुमसू देते. पाणी केव्हाही गरम, उठबस नाही. पण हवा तोडली की लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुपतं. तो धूर नळीत थंड होऊन डांबरासारखा चिकटतो. गेल्या वर्षी नळी उतरवली, तर थर खरवडायला जुनं उलथनं घ्यावं लागलं. (ते अजून स्वयंपाकघरात परत गेलेलं नाही.)

मी वाळकी पऱ्हाटी, तुऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या नि तुरीच्या काड्या घालतो. दार सताड उघडं, थोडा वेळ भडका, काम संपलं. 20 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला खरं तर 100 ग्रॅमभर कोरडं लाकूड पुरे. बरीच आच नळीवाटे जाते म्हणून अर्धा किलो धरा. आईचा ओंडका पाच किलोंचा! खोट एकच: काड्या सारत बसावं लागतं. फोन आला की विस्तव गेला.

जानेवारीत पारा दहाच्या खाली आला आणि पाच जणांच्या आंघोळी असल्या, की मीही ओंडकाच घालतो. फक्त दार उघडं ठेवून. आणि आधी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघतो. टण्ण वाजलं तर वाळलेलं, धप्प वाजलं तर परत पत्र्याखाली.