कन्ना चौकामागचा टर्किशवाला: साठ नग, आठ अक्षरं आणि आमची भांडणं

दुकानाला पाटी नाही. सोलापुरात कन्ना चौकातून आत शिरलात की तिसऱ्या बोळात खडखडाट ऐकू येतो, तोच पत्ता. बाहेर कांड्यांची पोती, आत आठ माग आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवलेले मामा. चादर-टॉवेलची रिटेल खरेदी करायला इथं जाऊ नका, त्यासाठी नवी पेठ आहे. इथं जायचं ते आपला मजकूर विणून हवा असेल तेव्हा. छापलेला नव्हे, विणलेला.

मी आत्तापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा ऑक्टोबर 2019 मध्ये, दुसऱ्यांदा गेल्या वर्षाच्या शेवटाला. दोन्ही वेळा कारण एकच: एक फुटबॉल क्लब गाव सोडून गेला होता. गंमत म्हणजे दोन्ही वेळा तो एकच क्लब होता म्हटलं तरी चालेल.

आमचा सात जणांचा कंपू एफसी पुणे सिटीचा. सोलापुरात राहून पुण्याचा क्लब कसला, असं लोक विचारायचे. पण आम्हाला जवळचा तोच. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, दिवसभर पुण्यात नातेवाइकांच्या घरी पाय पसरायचे, रात्री बालेवाडीत मॅच, आणि परतीला पुणे स्टेशनवर ताटकळून रात्री उशिराची सिद्धेश्वर. सकाळी सोलापुरात उतरून मी थेट मेडिकलचं शटर उघडायचे. मार्च 2018 ची सेमीफायनल अशीच बघितली. पुण्यात 0-0. मग बेंगळुरूत छेत्रीनं हॅटट्रिक मारून आम्हाला घरी पाठवलं, ती टीव्हीवर. ऑगस्ट 2019 मध्ये बातमी आली की पुण्याचा संघ आता नाही, त्या जागी हैदराबाद एफसी खेळणार. आमचे खेळाडू मार्सेलिन्हो, आदिल खान, सगळे तिकडे. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोजही भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाले.

निषेध करायचा हे तासाभरात ठरलं. कसा करायचा ते ठरेना.

बँकवाला म्हणाला, विम्बल्डनसारखं करू. 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला लंडनचा फुटबॉल क्लब. 28 मे 2002 रोजी तिघांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं त्याला मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, मैदानावर खुली निवड चाचणी घेतली आणि खालच्या लीगमधून नऊ वर्षांत वर फुटबॉल लीगमध्ये पोचले. "आपण पार्क मैदानावर चाचणी घेऊ." माझा भाऊ म्हणाला, "अकरा जण आण आधी. आपण सात, त्यात दोघांना गुडघे."

वकील अमेरिकेतल्या ओहायोचा कायदा घेऊन बसले. सरकारी पैशाच्या मैदानावर खेळणारा क्लब हलवायचा असेल तर सहा महिने आधी सांगायचं आणि तिथल्याच लोकांना विकत घ्यायची संधी द्यायची. त्याच्या जोरावर 2018 मध्ये कोलंबस क्रू हा तिथला क्लब गावातच राहिला. "आपल्याकडे असा कायदा आहे का?" "नाही." "मग बसा खाली." बँकवाल्यानं लंडनच्या चार्लटनचंही सांगितलं. जुन्या मैदानावर परत जायला नगरपालिका परवानगी देईना, म्हणून 1990 मध्ये चाहत्यांनी पक्षच काढला आणि 14,838 मतं मिळवली. दोन वर्षांनी क्लब मैदानावर परत आला. यावर सगळे हसले. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्यावर मत मागायचं सोडून फुटबॉलवर कोण मागणार?

खरा तिढा पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, आमच्या मित्रानं घातला. त्याची निम्मी सोयरीक हैदराबादला. तो म्हणाला, "काय बे, रडता कशाला? पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. क्लब आपल्याच हायवेवरून गेला की. पन्नास किलोमीटर जास्त, एवढंच." यावर गिरणी कामगाराचा मुलगा असलेला आमचा सहावा भिडू जो भडकला, तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या बापानं गिरणी बंद पडल्यावर किती मोर्चे काढले ते आम्ही सगळे ऐकून आहोत. "गिरणी निदान जागेवर तरी होती. गेटसमोर बसता यायचं. ह्यांच्या कुठल्या गेटसमोर बसू?" त्याच्या या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. सीझन संपल्यावर क्लब गेला, म्हणजे रिकामी ठेवायला खुर्चीसुद्धा नव्हती.

शेवटी ठरलं ते असं: हैदराबादच्या घरच्या पहिल्या मॅचला जायचं, गळ्यात केशरी पट्टा घालायचा आणि नव्वद मिनिटं गप्प बसायचं. टाळी नाही, शिवी नाही. पट्टा फ्लेक्सवाल्याकडून छापून आणायला माझा विरोध. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि आम्ही पॉलिस्टर घालून जायचं?

म्हणून मामा.

मामांनी केशरी रंग ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पक्षाचं?" विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, 21 ला मतदान. फुटबॉल म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "सगळा ॲडव्हान्स द्या. निकालानंतर कुणी माल उचलायला येत नाही ओ." दिला. साठ नगांच्या खाली काम घेत नाहीत. आम्ही सात, ऑर्डर साठची, आणि नगाला 110 रुपये. ही पहिली तक्रार लिहून ठेवा.

पण नंतर जे बघितलं त्यासाठी पैसे वसूल. मामांनी ग्राफचा कागद पसरला. प्रत्येक चौकोन म्हणजे एक लूप, टॉवेलवरचा धाग्याचा फास. अक्षर चौकोनांत भरायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते एकमेकांना शिवून माळ करायची आणि ती जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. भोक असेल तिथं केशरी धागा वर, नसेल तिथं पांढरा. एका पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, सहा पट्टे शेजारी शेजारी विणून निघतात, मग कापून कडा शिवायच्या. "साठ इंचात दहा अक्षरं. जास्त घातली तर बारीक होतील, लूपमध्ये वेलांटी दिसणार नाही. मजकूर आत्ता सांगा, पंचिंग एकदाच होतं."

दीड महिना आम्ही भांडत होतो आणि आता दहा अक्षरांत सांगायचं होतं. तेही मागांच्या आवाजात, म्हणजे ओरडून. "पुण्याचा क्लब पुण्यालाच" लांब पडलं. "परत या" आठव्या सेकंदाला बाद, आपण का विनवणी करायची? "चोर" वकिलांनी खोडलं. भावानं "आपण इथंच आहोत" सुचवलं. गिरणीवाला म्हणाला, "आपण नाही, आम्ही. ते गेलेत. आम्ही राहिलोय." आठ अक्षरं, दोन मोकळ्या जागा. आम्ही इथंच आहोत. मामांनी पेन्सिल उचलली तेव्हा पहिल्यांदाच सातही जण गप्प होते.

आता दर्जा. सहा वर्षं झाली, आठवड्याला धुते. सुरुवातीला केशरी थोडं पांढऱ्यात उतरलं, पहिली धुलाई वेगळी करा. नंतर रंग धरून आहे. लूप सुटलेले नाहीत. शिरोरेषा ठसठशीत आली आहे, पण 'ही' चा वरचा फाटा जरा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, चौकोनांवर गोलाई जमत नाही त्याला इलाज नाही. पट्टा उलटा केला की रंग उलटे होतात, पांढऱ्यावर केशरीचं केशरीवर पांढरं, आणि अक्षरं आरशातल्यासारखी. वकिलांना हे इतकं आवडलं की निषेध म्हणून उलटी बाजूच दाखवू म्हणाले. मामा म्हणाले, "उलटं कोण वाचतंय?" विषय संपला.

वेळेच्या बाबतीत मात्र शून्य. वीस तारखेचा वायदा. मग निवडणुकीचे उपरणे आले, मग दिवाळीला कामगार गावाला गेले. भाऊबीज झाली तरी माल नाही. मॅच 2 नोव्हेंबरला. एक तारखेला रात्री साडेनऊला मी स्वतः बोळात उभं राहून शेवटच्या कडा शिवून घेतल्या. मामांनी चहा पाजला, माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत गच्चीबावलीला पोचलो. पट्टे गळ्यात, तोंडं बंद. पहिला गोल समोरच्या केरळा ब्लास्टर्सचा, आम्ही गप्प. हैदराबादच्या स्टॅन्कोविचची पेनल्टी, आम्ही गप्प. शेजारचा पोरगा बराच वेळ पट्ट्याकडे बघत होता. शेवटी हिंदीत म्हणाला, वाचता येतंय, "हम यहीं हैं", छान आहे, एक मिळेल का? त्याला वाटलं आम्ही हैदराबादचेच! घोषणा ठरवताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हैदराबादच्या मैदानात बसून 'इथंच' म्हटलं की काय अर्थ होतो?

आणि 81 व्या मिनिटाला मार्सेलिन्होनं फ्री किक मारली. तीच धाव, तोच पाय, बालेवाडीत कितीदा बघितलेला. चेंडू जाळ्यात गेला आणि मी उभी होते. कधी उठले माहीत नाही. भाऊ उभा, बँकवाला उभा, पूर्व भागवाला तर खुर्चीवर. पट्टे हवेत. फक्त गिरणीवाला बसून होता, मांडीवर पट्टा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. परतीच्या प्रवासात जहीराबादपर्यंत कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "फ्री किक चांगली होती."

उरलेले त्रेपन्न पट्टे वाटून वाटून संपले. काही मेडिकलवर पुसायला लागले, एक माझ्या सासूबाई अभिषेकाच्या वेळी खांद्यावर घेतात. 2022 मध्ये हैदराबादनं केरळाला पेनल्टीवर हरवून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, गोलकीपर कट्टीमणीनं तीन पेनल्ट्या अडवल्या. त्या रात्री आमच्यापैकी कुणी कुणाला फोन केला नाही.

आणि 2025 मध्ये तो क्लब हैदराबादेतूनही गेला. दिल्लीला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली होऊन. पूर्व भागवाल्याच्या हैदराबादच्या भाच्याचा मला फोन: "अक्का, तुमचा तो टॉवेलवाला कोण? आम्हालाही करायचंय." म्हणून दुसरी फेरी.

मामा थकलेत, पण आहेत. चार मागांवर पत्त्यांऐवजी आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे, डिझाइन पेनड्राईव्हवर नेता येतं. पंचिंग एकदाच होतं ही भीती गेली. माझ्या मते थोडी असायला हवी होती. भाव 165. साठचा नियम तसाच. वायद्याच्या तारखेत अजूनही दहा दिवस मिळवूनच हिशोब धरा. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क विणकामाचा जास्तीचा दिलाय.

भाच्यानं मजकूर तेलुगूत पाठवला होता, आमच्याच ओळीचा. मी फोन पुढे केला. पहिल्या वेळी मामांनी आमची घोषणा नुसती मोजली होती. या वेळी चष्मा खाली घेऊन मोठ्यानं वाचली: "मेमु इक्कडे उन्नामु." मग मला म्हणाले, "ताई, मेमु लिहिलंय. मेमु म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. सगळे मिळून म्हणायचं असेल तर मनमु पाहिजे. विचारा त्याला, वाचणारा आत की बाहेर?"

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, थांबा अक्का, ग्रुपवर विचारून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले. मामांनी ग्राफचा कागद टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, पहिलं अक्षर मोकळं सोडून. जाणार असाल तर दुपारी एक ते तीन टाळा, माग बंद असतात.