टीबीचा मोफत सरकारी कोर्स: खोली बदलत राहणाऱ्यांना कितपत सोयीचा?

आधी औषधांबद्दल. डॉट्स सेंटरवरच्या, म्हणजे टीबीच्या सरकारी उपचार केंद्रावरच्या, औषधांत नावं ठेवायला जागा नाही. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने तीन. रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. दिवसाला चार असतील तर २८ गोळ्यांची पट्टी बरोबर आठवडाभर पुरते. थुंकीची, साखरेची, एचआयव्हीची तपासणीही मोफत. पाचपैकी पाच.

घोडं अडतं ते खोली खाली करायची वेळ आली की. मुंबई-पुण्यात भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा, आणि चाळीतल्या पोटभाडेकरूला तेवढाही भरवसा नाही. घरमालक आठ दिवसांची मुदत देतो, झोपडं तुटतं, साइट संपते. कोर्सचा तेव्हा तिसरा-चौथा महिना चालू असतो. खोकला थांबलेला, अंगात ताकद आलेली, नव्या जागी काम शोधायची घाई. गोळ्या सुटतात त्या इथेच. आणि औषध मध्येच तुटलं तर उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात. मग तपासणी नव्याने आणि उपचारही जास्त कडक.

यावर सोय आहे आणि ती चांगली आहे. प्रत्येक रुग्णाला निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदीतला क्रमांक, मिळतो, तो देशभर चालतो. जुनं सेंटर संगणकावर बदली पाठवतं, नवं सेंटर ती स्वीकारतं, कोर्स होता तिथून पुढे चालू. चुकतं ते बहुधा असं: रुग्ण न सांगता निघतो, किंवा नव्या वस्तीचं नाव सांगतो पण सेंटरचं नाव त्याला माहीत नसतं. बदली भलत्याच ठिकाणी जाऊन पडून राहते. म्हणून सामान बांधायच्या आधी १८०० ११ ६६६६ या मोफत क्रमांकावर नव्या पत्त्याजवळचं सेंटर विचारा. जुन्या सेंटरच्या ताईंना तेच नाव द्या, बदली पाठवल्याची खात्री करा, मधल्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. आयडी आणि उपचारकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्या एखाद्यालाही पाठवा. सिम बदललं तर नोंदीतला नंबरही बदलून घ्या, नाहीतर सेंटरचे फोन बंद नंबरवर जात राहतात. बदलीच्या सोयीला पाचपैकी अडीच, कारण हे सगळं रुग्णालाच आधी माहीत असावं लागतं.

घरभेटीबद्दल मात्र आमची ठाम तक्रार आहे. उपचार सुरू झाले की कर्मचारी घरी येतात. घरच्यांची तपासणी व्हावी हा हेतू योग्यच. पण दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगेत टीबीचं नाव एकदा निघालं की ते घरमालकापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि आजारी माणसावर खोली सोडायची वेळ येऊ शकते. ‘घरच्यांना सेंटरवर घेऊन येतो, घरी नको’ असं पहिल्याच दिवशी सांगा. सेंटरनेही ते विनातक्रार मानायला हवं.

सरकारकडून रुग्णाच्या खात्यात येणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झालेत. सहा महिन्यांच्या कोर्सला ३,००० चे दोन हप्ते: पहिला निदान झाल्यावर, दुसरा ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. आधारवर गावचा पत्ता असला तरी हरकत नाही, खातं मात्र चालू हवं. गावच्या बँकेतलं बंद पडलेलं खातं दिलं तर हप्ता अडकतो.

गोळ्या पट्टीतून आधीच काढून पुडीत बांधू नका, दमट हवेत त्या खराब होतात. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना बदलीची गरज सर्वांत जास्त. रुग्णाची बदली कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राच्या नावाने गावातूनच करून घ्या आणि ती झाल्याचं कळेपर्यंत मुकादमाला गाडी थांबवायला सांगा.