‘कुठला ग्रेगरी?’ असं विचारणारं तस्विरीचं दुकान

बेळगावात देवाचे फोटो फ्रेम करून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मी लिहितेय त्या दुकानाला मात्र शोधत जावं लागतं. शहापूरकडे जाणाऱ्या एका बोळात, पिठाच्या गिरणीला लागून, दहा बाय बाराची खोली. पाटी कन्नडमध्ये, पावती मराठीत. मालकांनी हात जोडून सांगितलं की नाव आणि नंबर कुठं टाकू नका, सत्तरी ओलांडलीय, मदतीला कुणी नाही, हातात आहे तेवढं काम पुरे. म्हणून नाव देत नाही. त्यांना सगळे ‘काका’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, असं आमचं लोंढ्याकडच्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, कुटुंबांचं असतं. माझे पप्पा रेल्वेत गँगमन होते, नंतर कीमन झाले. त्यांचं नाव ग्रेगरी. जन्म १७ नोव्हेंबर १९३४. त्या काळी ज्या दिवशी मूल जन्मलं त्या दिवसाच्या संताचं नाव ठेवायची रीत होती, तसं त्यांचं ठेवलं.

आमच्या आल्तारावर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यावर, फातिमा माता, संत आंतोन आणि एक सेंट ग्रेगरी. हा ग्रेगरी आईनं १९६४ च्या जुन्या गोव्याच्या प्रदर्शनातून आणला, संत झेवियरचं शव दर्शनाला ठेवलं होतं तेव्हा. मांडवात विचारलं, सेंट ग्रेगरी आहे का, विक्रेत्यानं गठ्ठ्यातून काढून दिला. डोक्यावर तिमजली मुकुट, हातात लेखणी, कानाशी पांढरा पारवा. त्याच्यापुढं आम्ही तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून मोठे झालो.

लोंढ्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको की कागदाचं काय होतं. चित्राला आधी बुरशी आली, मग मागच्या फळीला वाळवी. पप्पा गेल्यावर ती तस्वीर नीट करून घ्यायची माझ्या मनात होती. पुण्याच्या भाच्यानं म्हटलं, मावशी, जुनं कशाला, ऑनलाइन नवं मागवतो. त्यानं मागवलं, आलंही चार दिवसांत, खाली ‘सेंट ग्रेगरी’ लिहिलेलं. चित्रात एक दाढीवाला माणूस आणि मागं अरारात डोंगर. आई बघून म्हणाली, हा कोण? मलाही सांगता येईना. परत घ्यायला विक्रेत्यानं नकार दिला, कारण नाव तर बरोबर होतं.

तर दोन्ही पिशवीत घालून मी काकांकडे गेले. जुनं नीट करा, नवं परवडेल त्या फ्रेमीत घाला, एवढंच सांगायचं होतं. काकांनी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि विचारलं, “बाई, हे दोघं येगळे हाईत. तुमच्या पप्पांचा कुठला ग्रेगरी?”

मी म्हटलं, ग्रेगरी म्हणजे ग्रेगरी.

“तसं नव्हं. आमच्यात ‘नामा म्हणे’ असा अभंग आला की विचारावं लागतंय, नामदेवांचा की विष्णुदास नाम्याचा. तुमच्यात बिशपांचं तसंच हाय बघा.” आणि त्यांनी खणातून एक लाल पुठ्ठ्याची वही काढली.

या दुकानाबद्दल लिहायचं मुख्य कारण ही वही. खूप वर्षांपूर्वी त्यांनी कॅम्पातल्या एका घराला सिरिलचं चित्र करून दिलं आणि ते निघालं दुसऱ्याच सिरिलचं. एक सिरिल जेरुसलेमचा बिशप, सण १८ मार्च. दुसरा अलेक्झांड्रियाचा, सण २७ जून. इफेससच्या ४३१ च्या चर्च-परिषदेत मरियेला ‘देवाची माता’ म्हणायचं की नाही यावर जो उभा राहिला, तो हा दुसरा. काकांनी ती फ्रेम पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून एकाच नावाचे जितके संत गिऱ्हाइकांकडून कळतील तितके ते लिहून ठेवतात. एका म्हाताऱ्या फादरनी त्यांना बरंच सांगितलं. आधी नाव, मग गाव, मग सणाची तारीख, आणि शेवटी चित्रात ओळखायची खूण. अक्षर सुतारी पेन्सिलीचं, ठसठशीत.

ग्रेगरीचं पान उघडलं तर सहा नावं. मी शिक्षिका, जन्मापासून कॅथलिक, आणि मला त्यातला धड एक ठाऊक होता.

आमचा पारवावाला म्हणजे थोर ग्रेगरी, रोमचा बिशप, म्हणजे पोप, ५९० ते ६०४. तो मजकूर सांगत असताना पवित्र आत्मा पारव्याच्या रूपानं कानाशी येई, आणि लिहून घेणाऱ्यानं पडद्याच्या फटीतून ते पाहिलं, अशी कथा आहे. पारवा ही त्याचीच खूण. इंग्लंडला त्यानं पाठवला तो ऑगस्टीन कँटरबरीचा, हिप्पोचा नव्हे, हिप्पोचा ऑगस्टीन या पोपच्या दीडशेवर वर्षं आधी वारला. ऑगस्टीनसाठी काकांच्या वहीत वेगळं पान आहे.

भाच्यानं मागवलेला ग्रेगरी आर्मेनियाचा, ‘प्रकाश देणारा’ म्हणतात तो. राजानं त्याला खोर विराप इथल्या खड्ड्यात तेरा वर्षं टाकलं होतं. पुढं तोच राजा त्याच्या हातून ख्रिस्ती झाला. खोर विरापहून अरारात समोर दिसतो, म्हणून चित्रात मागं तो.

मग नाझियान्झसचा ग्रेगरी. त्याचे वडीलही ग्रेगरी, तेही त्याच गावचे बिशप, तेही संत. मग निस्साचा, थोर बाझीलचा धाकटा भाऊ. मग फ्रान्समधल्या तूरचा, ज्यानं फ्रँक लोकांचा इतिहास लिहिला. आणि सहावा, पानाच्या तळाशी: ‘चमत्कारी ग्रेगरी. निओसीझरिया. १७ नोव्हें. (तूरवाल्याचीपण हीच तारीख. विचारून घ्यावे.)’

सतरा नोव्हेंबर वाचून मी स्टुलावर बसले.

काकांनी त्या दिवशी ऑर्डर घेतलीच नाही. “घरी जाऊन बघून या, घाई नाही.” पैसे समोर असताना असं म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

घरी आईच्या पेटीत पप्पांच्या बाप्तिस्म्याच्या काळातलं एक लॅटिन मिस्साल, म्हणजे मिस्साचं प्रार्थनापुस्तक, होतं, कव्हर गेलेलं. १७ नोव्हेंबरच्या पानावर ‘ग्रेगोरी थाउमातुर्गी’, म्हणजे चमत्कार करणारा. तूरचा नव्हे, पोपही नव्हे. त्या थोर पोपचा सण तेव्हा १२ मार्चला असे, आता ३ सप्टेंबरला असतो. आणि आजच्या चर्चच्या कॅलेंडरात १७ नोव्हेंबरला हंगेरीची एलिझाबेथ दिसते, कारण १९६९ मध्ये सण इकडचे तिकडे झाले. म्हणून आमच्या पिढीला पत्ताच नव्हता. आई बाजारात गेली तेव्हा सेंट ग्रेगरी म्हणून जे सहज मिळतं ते तिला मिळालं.

पण पप्पांना माहीत होतं. हे मला त्या रात्री उमगलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दर पावसाळ्यात ते एक गोष्ट सांगायचे. एका बिशपाच्या मुलखात नदीला दरवर्षी पूर यायचा, शेतं आणि घरं वाहून जायची. लोक रडत आले. बिशप चालत नदीवर गेला, प्रार्थना केली आणि हातातली काठी काठावर रोवली. काठीला पालवी फुटली, तिचं झाड झालं, पाणी त्या झाडापाशी येऊन मागं फिरू लागलं. आम्हा पोरांना वाटायचं ही पारवावाल्याची गोष्ट. ती चमत्कारी ग्रेगरीची आहे, नदीचं नाव लायकस. लिहून ठेवली आहे निस्साच्या ग्रेगरीनं. एका ग्रेगरीनं दुसऱ्याचं चरित्र लिहिलं, कारण निस्सावाल्याच्या आजीनं, माक्रिनानं, त्या चमत्कारी बिशपाची वचनं पाठ करून नातवंडांना दिली होती.

पप्पा पावसात रात्रीची गस्त घालायचे. हातात कंदील, खांद्याला हातोडा आणि स्पॅनर. रुळाखालची माती सरकली की नाही ते बघत कॅसल रॉकच्या बाजूनं चालत जायचे. निघताना दारात थांबून आल्ताराकडे बघायचे. त्यांना कुठला संत आठवत असेल ते आता कळतं. ग्रेगरी या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘जागा राहणारा’. आपल्या गावाकडे म्हणायचं तर जागल्या.

या संताचं मूळ नाव थिओडोर. तो निघाला होता बैरूतला कायदा शिकायला, बहिणीला तिच्या नवऱ्याकडे पोचवायला वाट वाकडी करून पॅलेस्टाइनच्या सिझरियाला गेला, तिथं ओरिजेनसारखा मोठा ख्रिस्ती पंडित गुरू म्हणून भेटला आणि वकिली राहिली ती राहिलीच. त्याचा भाऊ अथेनोडोरसही बिशप झाला. निओसीझरियाला, आजच्या तुर्कस्तानातल्या निकसारला, तो बिशप झाला तेव्हा गावात सतरा ख्रिस्ती होते आणि वारला तेव्हा सतराच बिगरख्रिस्ती उरले होते, असं परंपरा सांगते. दोन भाऊ एका तळ्याच्या वाटणीवरून हत्यारं काढायला निघाले, तेव्हा त्यानं रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी तळंच आटलं, हीसुद्धा त्याचीच कथा. आमच्या तालुक्यात बांधावरून बोलणं तुटलेले भाऊ मी इतके पाहिलेत की ही कथा मला काठीच्या कथेहून मोठी वाटते.

पुढच्या आठवड्यात मी मिस्साल घेऊनच गेले. काकांनी पान बघितलं, वहीतल्या त्या ओळीला गोल केला आणि मग कामाचं बोलले. चमत्कारी ग्रेगरीची बाराव्या शतकातली एक सुंदर प्रतिमा सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. भाच्यानं तिचा चांगला फोटो शोधून पाठवला. कपाळ मोठं, दाढी पांढरी, छातीशी पुस्तक, खांद्यावर क्रूस असलेला पट्टा. काकांनी बाहेरून प्रिंट काढून आणली, पहिली पिवळी पडली म्हणून स्वतःच नाकारली आणि दुसरी आणली, जादा पैसे न घेता.

मी विचारलं, जुन्याचं काय करू, तो तर पप्पांचा संतच नव्हे. काका म्हणाले, “साठ वर्षं हात जोडलासा त्येला. काढायचा नाही.” आणि खरी कारागिरी त्यांनी या जुन्यावर केली. बुरशी मऊ ब्रशनं झाडली, वाळवी लागलेली फळी टाकली, पण टाकण्याआधी उलटी करून बघितली. तिच्यावर पप्पांनी पेन्सिलीनं आम्हा चौघा भावंडांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिल्या होत्या. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी तेवढा तुकडा कापून काढला, औषध मारलं आणि नव्या फ्रेमीच्या मागच्या पुठ्ठ्याला खिडकी पाडून काचेखाली बसवला. आता तस्वीर उलटी केली की पप्पांचं अक्षर दिसतं. हे करा असं मी सांगितलं नव्हतं. बिलात त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत.

जुन्याचे ११०० रुपये झाले, सागवानी पट्टी आणि नवी काच धरून. नव्याचे ८५०, आंब्याच्या लाकडात. माझ्या मते योग्य. सांधे इतके बारीक बसलेत की बोट फिरवून कळत नाही. मागं कागदी टेप मारलीय, लोंढ्याच्या हवेत ती टिकते का ते एका पावसाळ्यानंतर कळेल.

उणं आहे तेही लिहिते. आठ दिवस सांगितले आणि तेवीस लागले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, आणि खानापूरहून दोनदा हेलपाटा पडला. काच साधी आहे, समोर ट्यूबलाइट असेल तर चमकते, चेहरा दिसत नाही. मला जागा बदलावी लागली. मोठ्या तस्विरीला एकच कडी लावली होती, वजन पेलणार नाही असं वाटून मी तिथंच दोन लावून घेतल्या. आणि दुकानात बसायला ते एक स्टूलच आहे, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊ नका.

वर्तमानपत्र आणि सुतळी बांधून दोन्ही तस्विरी मांडीवर घेऊन बसनं आणल्या. आई पंच्याऐंशीची, डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं नव्यावर हात फिरवला, पुस्तकावर थांबली, मग विचारलं, “आणि काठी?”

चित्रात काठी नाही. पुढच्या फेरीत मी काकांना ते सांगितलं. त्यांनी वही काढली आणि चमत्कारी ग्रेगरीच्या ओळीपुढं लिहिलं, ‘काठी आहे, चित्रात नाही.’

जाणाऱ्यांसाठी एवढंच: श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत ते नवं काम घेत नाहीत. नाताळासाठी काही करून हवं असेल तर ऑक्टोबरात द्या, आणि संताचं गाव आणि सणाची तारीख घरून विचारून जा, म्हणजे एक फेरी वाचेल.