सुपर रिझोल्यूशन: रॉ फाइलला झकास, फिल्म स्कॅनला जपून

मोठी प्रिंट काढायचीय तर अडोबी कॅमेरा रॉ (फोटोशॉपसोबत येणारं रॉ फोटो एडिट करायचं टूल) मधलं सुपर रिझोल्यूशन, म्हणजे एआयने फोटो मोठा करणारं फीचर, वापरावं का? माझं मत सरळ आहे, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ डेटा) असेल तर बिनधास्त वापरा, फिल्मचं स्कॅन असेल तर जरा थांबा.

2021 ला आलेलं हे फीचर लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करतं म्हणजे पिक्सेल चौपट, 6000 बाय 4000 ची फाइल 12000 बाय 8000 होते आणि 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) 40 इंच रुंद प्रिंट आरामात निघते. पापण्यांचे केस, बारीक फांद्या, तिरक्या तारा, जिथे साधं बायक्युबिक (फोटो मोठा करायची जुनी, एआय नसलेली पद्धत) मऊ पडतं तिथे हे कडा स्वच्छ ठेवतं, खरंच भारी काम केलंय. फक्त दुप्पटच होतं, मधली साइज हवी तर नंतर कमी करायची, आणि जुन्या आवृत्त्यांत डीएनजी (अडोबीचा रॉ फॉरमॅट) ही वेगळी फाइल भलीमोठी बनायची. जेपीईजी पण चालते पण कॉम्प्रेशनचे डाग असतील तर तेही मोठे होणार.

आता फिल्म. 35 एमएमची फ्रेम 4000 डीपीआयला स्कॅन केली की साधारण 21 मेगापिक्सेल मिळतात, पण त्यात डिटेलसोबत ग्रेनही (फिल्मचा नैसर्गिक दाणेदारपणा) आलेला असतो आणि एआयवाल्या कुठल्याही टूलला ग्रेन कुठला नि डिटेल कुठला हे नीट कळेलच असं नाही. मग कधी ग्रेन पुसून चेहरा प्लास्टिकचा होतो, नाहीतर आकाशात अळ्यांसारख्या वळवळत्या रेघा उमटतात, आणि एकदा त्या दिसल्या की नजर तिथेच जाते! स्कॅनसाठी मला फोटोशॉपच्या इमेज साइजमधला फोटो मोठा करायचा पर्याय, प्रिझर्व्ह डिटेल्स 2.0, जास्त आवडतो, नॉइज कमी करायचा स्लायडर शून्यावर ठेवून. ग्रेन मोठा होतो पण ग्रेनच राहतो, आणि मोठी प्रिंट आपण लांबूनच बघतो त्यामुळे तो छानच दिसतो.

मात्र स्कॅन करतानाच शार्पनिंग बंद ठेवा, 16 बिट टिफ (रंगछटांची जास्त माहिती ठेवणारी फाइल) घ्या, आणि फोटो मोठा करायच्या आधी धूळ साफ करा. नेहमीच्या सिल्व्हरवाल्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर डिजिटल आइस (इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसणारी स्कॅनरमधली सोय) चालत नाही कारण चांदी इन्फ्रारेड अडवते, तिथे हातानेच ठिपके काढावे लागतात, वेळखाऊ आहे पण पर्याय नाही.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, मॅट पेपरला ग्लॉसीपेक्षा थोडं जास्त. आणि स्क्रीनवर 100 टक्के झूमला बघून ठरवू नका, चेहऱ्याचा एक आणि आकाशाचा एक तुकडा फायनल साइजलाच ए4 वर काढून बघा, मगच पूर्ण प्रिंट टाका.